साळूबाईसाठी आळणी

गुंडा नाथाजी घाडगे तेवीस वर्षं मराठा पलटणीत होता, पण बंदूक त्याच्या हातात वर्षातून एकदाच यायची, गोळीबाराच्या सरावाला. एरवी हातात झारा. तो लांगरी होता, म्हणजे फौजेतला स्वयंपाकी. निवृत्त होऊन पलूसजवळच्या आपल्या गावात आल्यावरही लोक त्याला हवालदार म्हणाले नाहीत, लांगरीच म्हणत राहिले, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

त्याचं एक सूप होतं. लडाखात शिकलेलं. बोकडाचे पाये जाळावर भाजून खरवडायचे, नळ्या फोडायच्या, आलं, लसूण, मिरी, लवंग आणि सुंठ घालून चार तास मंद जाळावर ठेवायचं. वर बोटभर चरबीचा तवंग यायचा. उतरवताना साजूक तुपात लसणाची फोडणी आणि सढळ हातानं मीठ. गस्तीवरून परतलेली पोरं ते प्यायली की त्यांच्या ओठांना पुन्हा रंग यायचा, असं तो सांगायचा. गावात तो दर डिसेंबरात तालमीतल्या पोरांसाठी मोठं पातेलं चढवायचा आणि कुणी दुसऱ्यांदा वाटी पुढं केली नाही तर त्याला राग यायचा.

त्याच्या बायकोला, साळूबाईला, सूप हा शब्दच पटत नव्हता. "सूप म्हंजे पाखडायचं," ती म्हणायची. "प्यायची ती आळणी." मटण शिजवलेल्या, तिखट न घातलेल्या पाण्याला आपल्याकडं आळणी म्हणतात. नाव आळणी, पण मीठ त्यात असतंच.

साळूबाईनं तेवीस वर्षं घर एकटीनं ओढलं. दोन एकर ऊस, एक म्हैस, अंथरुणाला खिळलेली सासू आणि शिवतेज नावाचा एकुलता एक मुलगा. गुंडा वर्षातून दोन महिने पाहुण्यासारखा यायचा. तो कायमचा घरी आला तोपर्यंत सासू गेली होती, आणि दोन वर्षांत शिवतेजही बापाच्याच वाटेनं फौजेत गेला. नवरा-बायको दोघंच उरली. एकमेकांची फारशी सवय नसलेली दोन माणसं एका घरात राहतात तशी ती राहत होती. तो अंगणात, ती चुलीपाशी.

साळूबाईला दम लागायचा हे गुंडाला तीन वर्षांमागच्या दिवाळीनंतर कळलं. ती उसाच्या बांधावर मधेच बसायची तेव्हा त्याला वाटायचं वय झालं. पोत्यांच्या थप्पीला टेकून बसल्या बसल्या झोपायची तेव्हा ती म्हणायची, "कंबर धरतीया." एक दिवस आंघोळ करून आली आणि उंबऱ्यावर बसून पायाची बोटं चोळत राहिली. गुंडानं पाहिलं तर जोडवी मांसात रुतली होती. पाय घोट्यापर्यंत सुजलेले. त्यानं बोटानं दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

जोडवी निघेनात. शेवटी गुंडानं तारा तोडायची पक्कड आणली. साळूबाईनं पाय मागं ओढला.

"आवं, जित्या नवऱ्याच्या हातनं जोडवी तोडत्यात व्हय?"

"बोट काळं पडाय लागलंय. पाय दे."

त्यानं जोडवी तोडली. ती तोंडाला पदर लावून रडली, आणि त्यानं पहिल्यांदाच तिला रडताना जवळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो तिला सांगलीला घेऊन गेला. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलणारे. त्यांनी छातीचा फोटो पाहिला, सोनोग्राफी केली आणि विचारलं, "लहानपणी सांधे धरून ताप आला होता का?"

"आला आसंल. तवा कोन बगत हुतं?"

डॉक्टरांनी गुंडाला समजावलं. त्या तापानं हृदयाची झडप खराब केली होती. पंधरा वर्षांपूर्वी ऑपरेशन जमलं असतं, आता हृदय फुगून सैल झालं होतं आणि टेबलावरच काही व्हायची भीती जास्त. गोळ्यांवर चालवायचं. दिवसाला सव्वा लिटरच्या वर पाणी नाही, चहा-ताकसुद्धा त्यातच धरायचं. तूप-तेल कमी. आणि मीठ जवळपास बंद. रोज सकाळी वजन करायचं. वजन अचानक वाढलं तर अंगात पाणी भरतंय असं समजायचं.

"किती दिस?" गुंडानं विचारलं.

"पथ्य नीट पाळलं तर वर्ष, दोन वर्षं. जास्तही. सांगता येत नाही."

घरी येऊन गुंडानं पथ्याचा कागद चुलीमागच्या भिंतीवर डकवला आणि बायकोला म्हणाला, "आता हितं तू बसायचं न्हाई."

साळूबाईला ते फार लागलं. शेजारची दगडाबाई येऊन म्हणालीही, "बाप्या मानूस भाकरी थापतोय आन् तू बसून बगतीस?" साळूबाईनं मान खाली घातली. पण गुंडा हटला नाही. शंभर माणसांचं जेवण रांधलेल्या माणसाला एका बाईचं काय जड, असं त्याला वाटलं होतं.

पण तेच जड गेलं. भाकरीत मीठ नसतंच, म्हणून भाकरी ती खायची. भाकरीबरोबरचं कोरड्यास मात्र घशाखाली उतरायचं नाही. बिनमिठाची आमटी, बिनमिठाचं वांगं, बिनमिठाचं पिठलं. दोन घास खायची आणि ताट सारायची. लोणचं आणि खारवलेल्या मिरच्या गुंडानं दगडाबाईच्या घरी नेऊन ठेवल्या होत्या. महिन्याभरात साळूबाईचे दंड काठीसारखे झाले. पाय सुजलेले आणि वरचं अंग वाळलेलं, अशी ती दिसू लागली.

डिसेंबरात थंडी पडली. एका सकाळी ती गोधडीत बसून म्हणाली, "त्या तालमीतल्या पोरास्नी घालता ती आळणी मला एकदा कराल का? तोंडाला चव न्हाई बगा."

गुंडा हरखला. पण भिंतीवरचा कागद समोर होता. पाये नकोत, तूप नको, मीठ नको. मग त्या सुपात उरतं काय?

त्यानं करून पाहिलं. पायांऐवजी मानेची हाडं घेतली, चरबी कमी असलेली. शिजवून पातेलं अंगणात गार करायला ठेवलं. सकाळी वर चरबीची पांढरी पापडी धरली होती. ती उलथण्यानं अख्खी उचलून त्यानं कुत्र्याला टाकली. खाली उरलेलं पाणी गाळलं, त्यात मिरी आणि आलं घालून उकळलं आणि वाटीत ओतलं.

साळूबाईनं एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला.

"कसं झालंय?"

"पोतेरं पिळल्यावानी," ती म्हणाली.

दुसरा कुणी असता तर गुंडानं वाटी हिसकावून घेतली असती. तो ती वाटी स्वतः प्यायला आणि ती म्हणते ते खरं आहे हे त्याला कळलं.

मग तो रोज त्यात काही ना काही बदलू लागला. लसूण आधी निखाऱ्यावर भाजून घातली. कोथिंबिरीचे देठ घातले. जोंधळ्याच्या कण्या शिजवून घोटल्या, म्हणजे चरबीचा दाटपणा नाही तरी जिभेला काही तरी लागेल. उतरवल्यावर लिंबू पिळलं. मिरी जास्त, मग कमी. आठवड्यात दोनदा तो कसायाकडं जाऊन अर्धा किलो हाडं निवडून आणायचा आणि दुकानात माणसं हसायची. साळूबाईचा शेरा रोज वेगळा असायचा. "कालच्यापरास बरं हाय." "आज औशिदावानी लागतंय." तीन चमचे, पाच चमचे, कधी अर्धी वाटी. सबंध वाटी ती कधीच प्यायली नाही. गुंडा वाटीत उरलेलं बघायचा आणि त्याला कळायचं, मिठाला दुसरं काही नाही.

सून अंकिता सांगलीत विश्रामबागेत राहत होती. एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून होती, दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलेलं. शिवतेज तेव्हा अरुणाचलात होता. अंकिताला पाचवा महिना लागला होता, तरी ती दर रविवारी एसटीनं गावाकडं यायची. सासऱ्याला ती मामा म्हणायची आणि सासूला आत्या. सासूवर तिचा जीव होता. तिचं माहेर माधवनगरचं, आई लहानपणीच गेलेली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा डोक्याला तेल लावून दिलं ते साळूबाईनं, हे ती कुणालाही सांगायची.

जानेवारीतल्या एका रविवारी ती आली आणि सासूचे हात बघून स्वयंपाकघरात येऊन रडली. पुढच्या रविवारी येताना तिनं मिठाची एक पिशवी आणली. मोठ्या दुकानातली, चकचकीत, वर पत्त्यातल्यासारखा लाल बदाम छापलेला.

"मामा, हे बघा. यात सोडियम कमी असतं. हृदयाच्या लोकांसाठीच असतं म्हणे. आमच्या ऑफिसमधल्या मॅडम हेच वापरतात, त्यांना बीपी आहे."

गुंडानं चिमूट जिभेवर ठेवली. किंचित कडवट, पण खारट.

"डाक्टरला इचारावं का?"

"एक तारखेला जायचंच आहे की आत्यांना घेऊन. तेव्हा विचारू. तोवर थोडं थोडं घाला."

पिशवीच्या मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत काही छापलं होतं. गुंडाला ते वाचता येत नव्हतं. अंकितानं पुढची बाजू वाचली होती.

त्या दुपारी गुंडानं सुपात अर्धा चमचा ते मीठ घातलं. साळूबाईनं घोट घेतला आणि वाटीकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. आणि न थांबता ती वाटी संपवली. बोटानं तळ पुसून बोट चाटलं.

"झालं की आज!" ती म्हणाली.

अंकिता टाळी वाजवून हसली. गुंडा पातेलं घासायच्या निमित्तानं परसात गेला, कारण त्याला डोळे पुसायचे होते.

त्यानंतरचे वीस दिवस त्या घरात कधी नव्हते असे गेले. एक तारीख आली, पण डॉक्टर परगावी होते आणि पुढची तारीख दहाची मिळाली. गुंडाला त्याचं काही वाटलं नाही, कारण साळूबाई जेवत होती. सकाळी सूप, दुपारी भाकरी आणि आमटी, संध्याकाळी पुन्हा सूप. आता मीठ अर्ध्या चमच्यावर राहिलं नव्हतं. हृदयाच्या लोकांचंच मीठ, मग आमटीत का नाही, भाजीत का नाही? वजनही वाढत नव्हतं. पाय जरा उतरले होते.

ती बोलायलाही लागली. उन्हात बाज टाकून दोघं बसायची आणि तिच्या तोंडून गुंडाला आपल्याच घरातल्या गोष्टी पहिल्यांदा कळायच्या. ऊस तोडताना कोयता लागून तिचा अंगठा लोंबला होता, तो तिनं हळद भरून स्वतःच बांधला. शिवतेज सहावीत असताना घर सोडून कऱ्हाडपर्यंत गेला होता. एक दिवस ती सहज म्हणाली, "शिवतेजच्या बाळंतपनात दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं हुतं मला, काळजात आवाज येतोय म्हनून. मोठ्या डाक्टरला दाखीव म्हनली."

गुंडा उठून बसला. "मग?"

"मग काय? सासूबाई जाग्यावर. म्हस व्यायला झालेली. कुठं दाखवू?"

"मला का न्हाई कळवलंस?"

"कळवून तुमी काय बर्फातनं येनार हुता?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आन् आला असता तर नोकरी गेली असती."

गुंडानं तिच्या पायावरची गोधडी सारखी केली. संध्याकाळच्या सुपात त्यानं चिमूटभर मीठ जास्तच घातलं. तिला आवडायचं म्हणून.

दहा तारीख अजून आली नव्हती. विसाव्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी साळूबाईला तांब्या उचलवेना. "हातात कापूस भरल्यागत झालंय," ती म्हणाली. उठायला गेली तर गुडघे मोडले आणि ती भिंतीला धरून खाली बसली. गुंडानं मनगट धरलं. नाडी लागत होती, पण दोन ठोक्यांच्या मध्ये एवढा वेळ जात होता की दरवेळी त्याला वाटायचं संपलं. शेजारच्या केरबानं गाडी काढली. वाटेत तासगावच्या फाट्यावर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. केरबा हॉर्न वाजवत राहिला. साळूबाई गुंडाच्या मांडीवर डोकं ठेवून शुद्धीत होती.

"म्हशीला पानी दावलंय का?" तिनं विचारलं.

"दावलं."

"खोटं. तुमी तांब्या टाकून पळत आलाय."

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. तारा लावल्या, रक्त काढलं. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले आणि गुंडाला एका बाजूला घेऊन म्हणाले, "यांच्या रक्तात पोटॅशियम फार वाढलंय. त्यानं हृदय थांबू शकतं. घरात काही नवीन सुरू केलं होतं का? नारळपाणी, कुठली पावडर, काढा?"

गुंडानं मिठाचं सांगितलं. कुठलं, किती, किती दिवस, सगळं सांगितलं. फौजेत विचारलं की उत्तर पुरं द्यायचं, ही सवय.

डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले. मग सांगितलं. त्या मिठात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. धडधाकट माणसाला चालतं. पण साळूबाईच्या गोळ्यांत लघवीची एक गोळी अशी होती की ती पोटॅशियम अंगातच राखून ठेवते, आणि मूत्रपिंडं आधीच थकलेली. रोज दोन-तीन वेळा ते पोटात जात राहिलं आणि बाहेर पडायला वाट नव्हती.

"साहेब, तुमी मीठ बंद म्हनला हुता. ह्ये मीठ न्हाई म्हनून…"

"मी हे स्पष्ट सांगायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "पण आता ते बोलून उपयोग नाही. आपण प्रयत्न करू."

इंजेक्शनं झाली. संध्याकाळी डायलिसिसवर घेतलं. अंकिता ऑफिसातून धावत आली आणि बाकावर पोटाशी पर्स धरून बसली. गुंडानं तिला एवढंच सांगितलं की अशक्तपणा आला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाईनं डोळे उघडले, सुनेला ओळखलं, तिच्या पोटावर हात ठेवायचा प्रयत्न केला. हात अर्ध्यावर पोचला तो अंकितानं धरून ठेवला. दुपारी दोनच्या सुमारास यंत्रावरची रेघ सरळ झाली. डॉक्टरांनी पाऊण तास छाती दाबली. मग थांबले.

शिवतेज दुसऱ्या दिवशी पोचला. अग्नी त्यानंच दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर तो ओसरीवर दवाखान्याचे कागद घेऊन बसला आणि एक एक ओळ वाचत गेला. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"आबा, हे पर्यायी मीठ म्हणजे काय?"

ओसरीवर चार-पाच माणसं बसलेली होती. आतून अंकिता पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. ती दारातच थांबली. गुंडानं तिच्याकडं पाहिलं नाही. त्याला एवढंच दिसत होतं की पोरीचं पोट पुढं आलंय, आणि पोराच्या कपाळाची शीर ताठलीय.

"म्या आनलं हुतं," तो म्हणाला. "पलूसच्या दुकानातनं. तिला चव लागंना म्हनून."

"डॉक्टरांना विचारलं होतं?"

"न्हाई."

"का नाही?"

दारातला तांब्या कलंडला आणि पाणी ओसरीवर आलं. अंकिता ते पुसायला खाली वाकली आणि तशीच आत गेली.

शिवतेज उठून उभा राहिला. तो ओरडला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "तेवीस वर्षं ती एकटी राबली. तुम्ही आलात तेव्हा वाटलं, आता तिला बरे दिवस येतील. आणि तुम्ही तिला स्वतःच्या हातानं विष घातलंत. वीस दिवस. वाटी वाटीनं."

माणसांनी माना खाली घातल्या. गुंडानंही घातली. तो खोटं बोलला होता ते आणण्याबद्दल, पण घालणारा हात त्याचाच होता. त्यामुळं उत्तर द्यावं असं त्याला काही वाटलंच नाही.

तेराव्याचं जेवण झालं आणि शिवतेज गेला. त्यानंतर त्यानं बापाला फोन केला नाही. गुंडानं केला तर उचलला नाही. गावात बोभाटा झाला. लांगरीनं बायको घालवली, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण तालमीतल्या पोरांनी पुढच्या हिवाळ्यात त्याला पातेलं चढवायला सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. दगडाबाई लोणच्याची बरणी परत द्यायला आली, तेव्हा तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे तुज्याकडंच."

उन्हाळ्यात अंकिताला मुलगा झाला. नाव शंभूराज ठेवलं. बारसं माधवनगरला झालं, शिवतेज सुट्टी घेऊन आला होता, आणि गुंडाला बोलावणं आलं नाही. दोन महिन्यांनी, शिवतेज परत गेल्यावर, अंकिता मुलाला घेऊन एकटीच गावी आली. मूल गुंडाच्या मांडीवर ठेवलं आणि जमिनीवर बसली.

"मामा, मी सांगते त्यांना."

"काय सांगतीस?"

"तुम्हाला माहीत आहे काय. त्या दिवशी मला भीती वाटली. ते सगळ्यांसमोर विचारत होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. नंतर रोज ठरवते आणि रोज राहून जातं. मला झोप येत नाही."

गुंडानं नातवाच्या अंगावरची माशी उडवली. "तू वाईट मनानं आनलंस का?"

"नाही हो मामा."

"मग झालं. माजं आता किती ऱ्हायलंय? तुमचं सगळं पुढं हाय. एक घर मोडलं, दुसरं कशाला मोडायचं?"

"पण तुमच्याशी बोलत नाहीत ते."

"न्हाई बोलंना. जिता हाय, नोकरीवर हाय, एवढं बास."

अंकितानं ऐकून घेतलं. पण तिला ते पेलवलं नाही. दिवाळीला शिवतेज आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. आपणच पिशवी आणली, मागची बाजू वाचली नाही, डॉक्टरांना नंतर विचारू असं आपणच म्हटलं, आणि मामा आपल्यासाठी खोटं बोलले. शिवतेज ऐकत राहिला. मग चपला घालून बाहेर पडला आणि रात्रभर आला नाही.

सकाळी तो गावच्या मळ्यात उभा होता. गुंडा म्हशीसाठी वैरण कापत होता. आठ-नऊ महिन्यांनी पोरगा समोर आलेला पाहून त्यानं विळा खाली ठेवला.

"खोटं का बोललात?" शिवतेजनं विचारलं.

गुंडाला कळलं की सुनेनं सांगितलं. तो बांधावर बसला. "तिला पाचवा म्हैना हुता."

"मी तिला घराबाहेर काढलं असतं, असं वाटलं तुम्हाला?"

गुंडानं थोडा विचार केला. "व्हय," तो म्हणाला.

शिवतेजही बांधावर बसला, बापापासून दोन हात लांब. उसाला पाणी सुटलं होतं आणि सरी भरत चालली होती. तिकडं बघत तो म्हणाला, "काल रात्री मी तिच्याकडं बघू शकलो नाही, आबा. मूल रडत होतं तरी थांबलो नाही."

"मग आता जा."

"जाऊन काय बोलू?"

"काय बी बोलू नगंस. पोरगं घे तिच्याकडनं. तिला जरा निजू दे."

शिवतेज तासभर तिथंच बसून राहिला. मग उठला आणि सांगलीच्या एसटीला गेला. जाताना बापाच्या पाया पडला नाही, आणि गुंडानंही तशी वाट पाहिली नाही.

शिवतेज आणि अंकिता यांचा संसार टिकून आहे. अंकिता हसते पूर्वीपेक्षा कमी, असं केरबा म्हणतो. गुंडा आता अठ्ठावन्नचा आहे. स्वतःपुरती भाकरी आणि आमटी करतो, तीही एकवेळची. हिवाळ्यात मंगल नावाच्या एका बाईनं, नवऱ्याला छातीचा झटका येऊन गेला म्हणून, त्याच्याकडं येऊन विचारलं, चरबी काढून सूप कसं करायचं. त्यानं तिला हाडं कुठली घ्यायची ते सांगितलं, गार करून पापडी कशी उचलायची ते सांगितलं. मग तिला बसवून नवऱ्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणायला लावली आणि म्हणाला, "ह्ये घिऊन आधी डाक्टरकडं जा. सूप मागनं कर." ती जरा नाराज होऊन गेली.

शिवतेज आता दर रविवारी फोन करतो. उसाला तोड आली का, गुडघा कसा आहे, पोरगं बोलायला लागलं, एवढं बोलणं होतं. दोघेही फोन लवकर ठेवत नाहीत, पण बोलायला काही राहत नाही, आणि पलीकडचा वारा तेवढा ऐकू येत राहतो.